मॅसमची भाऊबंदकी: एवढ्याशा गावात एकाच आडनावाच्या दोन ब्रुअऱ्या कशा झाल्या

नॉर्थ यॉर्कशायरमध्ये मॅसम नावाचं गाव आहे. स्पेलिंग बघून आपण सगळे मॅशम म्हणतो आणि तिथला माणूस लगेच ओळखतो की पाहुणे बाहेरगावचे. वस्ती हजार-बाराशेची, शेजारून यूर नदी वाहते, आणि मधला बाजारचौक गावाच्या मानाने भलताच मोठा, कारण एके काळी इथे मेंढ्यांचे बाजार भरायचे आणि आसपासच्या डोंगरातून हजारोंनी मेंढ्या खाली यायच्या. आता तिथे गाड्या पार्क होतात.

या चौकातून कुठेही निघा, पाच-दहा मिनिटं चाललात की एक ब्रुअरी, म्हणजे बिअरचा कारखाना, लागते, थीकस्टन, १८२७ सालची. आणि तिथून दगड मारला तर पोचेल एवढ्या अंतरावर दुसरी, ब्लॅक शीप, १९९२ सालची. गंमत म्हणजे दुसरी काढणारा माणूसही थीकस्टनच. पाचव्या पिढीतला.

मराठी माणसाला हे सांगितलं की पुढचं काही सांगावं लागत नाही, "वाटणीवरून झालं का?" असं तो स्वतःच विचारतो. हो, वाटणीवरूनच झालं. पण ही वाटणी जमिनीची नव्हती, शेअरची होती, आणि ती नीट कळायला बिअर कशी बनते, पब कुणाच्या मालकीचा असतो आणि सरकारने मध्ये काय काय उद्योग केले हे थोडं माहीत पाहिजे. म्हणून जरा पसरट लिहितोय, सांभाळून घ्या.

बिअरपासून सुरू करू. आपल्याकडे बाळाला नाचणीचं सत्त्व देतात, ते कसं करतात आठवा. नाचणी भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, मग वाळवून दळायची. मोड आले की दाण्याच्या आत असे पदार्थ तयार होतात जे पिठाची साखर करतात, म्हणून ते गोडसर लागतं आणि पचायला हलकं. बार्लीला, म्हणजे आपल्या जवाला, हेच केलं की त्याला माल्ट म्हणतात. फरक एवढाच की मोड थोडे आले की भट्टीत वाळवून त्यांची वाढ थांबवतात, आणि किती भाजायचं त्यावर बिअरचा रंग ठरतो. कमी भाजलं की सोनेरी, जास्त भाजलं की कॉफीसारखा काळा.

हे माल्ट भरड दळून साधारण ६५ ते ६७ डिग्रीच्या गरम पाण्यात तासभर भिजवतात. सगळी साखर पाण्यात उतरते आणि गोड काढा मिळतो. खाली राहिलेला चोथा गावातल्या गुरांना जातो, आपल्याकडे सरकी पेंड जाते तसाच. मग तो काढा मोठ्या हंड्यात उकळताना त्यात हॉप्स टाकतात. हॉप्स म्हणजे एका वेलीची वाळवलेली फुलं, कडवटपणा त्यांचा, आणि बिअर टिकते तीही बरीचशी त्यांच्यामुळे. मग गार करून यीस्ट घालायचं. यीस्टचं काम विरजणासारखं, आधीच्या खेपेतलं थोडं राखून पुढच्या खेपेला लावायचं, आणि एकेका ब्रुअरीत तेच विरजण वर्षानुवर्षं चालतं. शेजारणीच्या विरजणाचं दही आपल्या घरच्यासारखं लागत नाही ना, तोच प्रकार. चव अर्धी तर तिथेच ठरते.

आता यॉर्कशायरची खासियत. तिथे आंबवायला जी टाकी वापरतात तिला यॉर्कशायर स्क्वेअर म्हणतात. जुन्या टाक्या पाटीच्या दगडाच्या, शाळेतल्या पाटीचा तोच काळा दगड, त्याचे मोठे तक्ते जोडून चौकोनी हौद केलेला. हौदाला माळा असतो आणि माळ्याच्या मधोमध माणूस उतरेल एवढं भोक. खाली बिअर फसफसायला लागली की यीस्टचा फेस त्या भोकातून वर माळ्यावर येतो आणि तिथे पसरतो, त्याच्याबरोबर आलेली बिअर निथळून परत खाली जाते, यीस्ट वरच राहतं. दोन मजली गाळणीच म्हणा ना. तिथलं यीस्ट जरा आळशी, गोळे होऊन बसणारं, म्हणून मधूनमधून खालची बिअर पंपाने उचलून वर शिंपडायची आणि त्याला जागं करायचं. अशा टाकीतली बिअर भरीव लागते, तोंडात जराशी दाट.

थीकस्टनची आजची इमारत १८७५ ची आहे आणि ती टॉवर ब्रुअरी आहे, म्हणजे पाणी आणि धान्य एकदा वर चढवलं की बाकीचं काम गुरुत्वाकर्षण करतं. वरच्या मजल्यावर दळण, त्याखाली भिजवण, त्याखाली उकळण, शेवटी तळाशी पिंपं. वीज नव्हती तेव्हाची अक्कल ही, आणि आजही चालतेय.

पण खरा मुद्दा पिंपात आहे. जुन्या पद्धतीची इंग्लिश बिअर, जिला एल म्हणतात, पिंपात भरतात तेव्हा तिच्यातलं यीस्ट जिवंत असतं, ती पबच्या तळघरात पोचल्यावरही आत थोडी थोडी आंबत असते. तळघर ११ ते १३ डिग्रीला पाहिजे, पिंप आडवं ठेवून गाळ बसू द्यायचा, वरच्या भोकात लाकडी खुंटी मारून वायू किती सोडायचा ते बघायचं, आणि एकदा नळ ठोकला की तीनेक दिवसांत पिंप संपवायचं, नाहीतर आंबट. नऊ गॅलनच्या पिंपाला फर्किन म्हणतात, त्यात ७२ पाइंट, म्हणजे साधारण ४१ लिटर. बिअर "गरम" देतात म्हणून आपली माणसं इंग्लंडला हसतात. ती गरम नसते हो, तळघराच्या तापमानाची असते, चार डिग्रीला नेली तर चवच लागणार नाही.

असला जिवंत आणि जड माल घोडागाडीतून किती लांब जाणार? म्हणून गावोगावी ब्रुअऱ्या होत्या, आपल्याकडे गावोगावी तेलघाणे होते तशा. मॅसमला १८२७ मध्ये रॉबर्ट थीकस्टन आणि जॉन वुड यांनी ब्लॅक बुल नावाचा पब आणि त्याच्यामागचं बिअरघर घेतलं तेव्हा त्यांच्या डोक्यात काही साम्राज्य वगैरे नव्हतं, पुढे पब, मागे भट्टी, आणि गावातलं गिऱ्हाईक. काही वर्षांत रॉबर्ट एकटा मालक झाला आणि त्याच्या मुलाने, थॉमसने, १८७५ मध्ये जवळच पॅराडाइज फील्ड्स नावाच्या जागेवर ती टॉवर ब्रुअरी बांधली. पत्ता काय मिळालाय बघा, स्वर्गाचं शेत.

आता पबकडे येऊ, कारण इंग्लंडमध्ये बिअरचा धंदा म्हणजे निम्मा जमीनजुमल्याचा धंदा आहे.

१८३० मध्ये ब्रिटिश सरकारने कायदा केला की दोन गिनी फी भरा आणि घरातून बिअर विका. लोकांनी जिन पिणं सोडून बिअर प्यावी असा हेतू होता. झालं काय, तर गल्लोगल्ली बिअरची दुकानं उघडली. मग उलटा झटका आला, १८६९ मध्ये लायसन पुन्हा मॅजिस्ट्रेटच्या हातात गेलं आणि नवीन मिळणं अवघड झालं. लायसन दुर्मिळ झालं की लायसनवाल्या जागेची किंमत वाढणार हे सांगायला नको. ब्रुअऱ्यांनी सरळ पबच विकत घ्यायला सुरुवात केली. पब ब्रुअरीचा, चालवणारा भाडेकरू, आणि अट अशी की बिअर आमचीच विकायची. याला टाइड हाऊस म्हणतात, बांधलेलं घर. आणि जो पब कुणाला बांधलेला नाही तो फ्री हाऊस. पाटी वाचून हुरळून जाऊ नका, तिथे फ्री म्हणजे फुकट नाही.

तर विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून एक ब्रुअरी दुसरी घेते ती तिच्या बिअरसाठी नाही, तिच्या पबांसाठी. थीकस्टननेही तेच केलं. मॅसममध्येच लाइटफूट नावाची दुसरी ब्रुअरी होती, अगदी शेजारी, ती १९१९ मध्ये थीकस्टनने घेऊन टाकली. हे नाव लक्षात ठेवा, लाइटफूटच्या माल्टच्या गोदामाला या गोष्टीत पुढे मोठं काम आहे.

मध्येच एक आडवाट, पण ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही आणि खरं तर मला सगळ्यात जास्त आवडलेला भाग हाच आहे. पहिल्या महायुद्धात स्कॉटलंडच्या सीमेवर ग्रेटना इथे सरकारने दारूगोळ्याचा प्रचंड कारखाना काढला. हजारो कामगार आले, हातात पैसा आला, आणि संध्याकाळी ही सगळी मंडळी जवळच्या कार्लाइल शहरात प्यायला यायची. दिवसा स्फोटकं हाताळायची आणि रात्री तर्र व्हायचं, सरकार घाबरणारच. १९१५ मध्ये आधी एकमेकांना पाजायला बंदी आली, ज्याने त्याने आपल्या पैशाने प्यायचं, "आज माझ्याकडून" म्हणालात तर गुन्हा. तेवढ्याने भागेना म्हणून १९१६ पासून सरकारने कार्लाइल आणि आसपासच्या ब्रुअऱ्या आणि पबच ताब्यात घेतले आणि स्वतः चालवायला लागले. ब्रिटिश सरकार बिअर बनवतंय आणि सरकारच ती गिऱ्हाइकाला देतंय! पबमध्ये जेवण ठेवलं, खेळायला जागा दिली, जाहिराती काढून टाकल्या, म्हणजे माणसाने कमी प्यावं अशी सगळी व्यवस्था केली. युद्ध १९१८ ला संपलं. सरकारची ब्रुअरी पुढे ५० वर्षांपेक्षा जास्त चालली. तात्पुरत्या सरकारी योजना किती टिकतात ते आपल्याला काय सांगायचं. शेवटी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला हा सगळा पसारा विकायला काढला.

विकत कुणी घेतली ती कार्लाइलची ब्रुअरी? १९७४ मध्ये, मॅसमच्या थीकस्टनने.

एवढ्याशा गावातल्या कंपनीला ही उडी का मारावीशी वाटली? त्याचं कारण त्यांचीच एक बिअर, ओल्ड पेक्युलिअर. काळपट तांबूस, जड, ५.६ टक्के अल्कोहोलची, मनुका आणि काकवीच्या अंगाने जाणारी. तिच्या नावाचा किस्सा असा, की बाराव्या शतकात रॉजर द मोब्रे नावाच्या सरदाराने मॅसमचं चर्च आणि त्याचं उत्पन्न यॉर्कच्या मोठ्या चर्चला देऊन टाकलं. आता यॉर्कच्या आर्चबिशपने दरोडेखोरांनी भरलेल्या वाटेने उठून इकडे कारभार बघायला यावं कशाला, म्हणून मॅसमला स्वतःचं वेगळं धर्मन्यायालय मिळालं, आर्चबिशपच्या कक्षेबाहेरचं. असल्या वेगळ्या अधिकाराला पेक्युलिअर म्हणायचे, "खास" या अर्थाने, स्पेलिंगही जुन्या फ्रेंच वळणाचं. या कोर्टात खटले कसले चालायचे, तर चर्चला न येणं, भांडकुदळपणा, आणि एकावर चक्क असा आरोप होता की त्याने दफनभूमीतून कवटी आणून कुणाच्यातरी उशाखाली ठेवली, मंतरून झोप लागावी म्हणून. त्या कोर्टाचा शिक्का आजही बाटलीवर आहे.

१९६० च्या दशकात इंग्लंडमध्ये एकामागून एक ब्रुअऱ्या गिळल्या गेल्या आणि सहा मोठ्या कंपन्या उरल्या. त्यांना जिवंत पिंपांची कटकट नको होती, तीन दिवसांत संपवा, तळघरात जाणता माणूस ठेवा, कोण करतंय. म्हणून त्यांनी केग आणलं, म्हणजे बिअर गाळून, पाश्चराइझ करून, गॅस भरून सीलबंद. कुठेही न्या, महिनोन्महिने ठेवा, चव सगळीकडे सारखी, म्हणजे सगळीकडे सारखीच सपक. याला वैतागून १९७१ मध्ये चार मित्रांनी कॅम्रा नावाची चळवळ काढली, रिअल एल, म्हणजे जिवंत पिंपातली बिअर, वाचवायची. आधी लोकांनी चेष्टा केली पण बघता बघता हजारो सभासद झाले, आणि जी बिअर सहजी मिळत नाही ती शोधत लोक गावोगाव फिरायला लागले. अशा लोकांना ओल्ड पेक्युलिअर म्हणजे पर्वणीच. पिणाऱ्यांनी लाडाने तिला "वेड्यांचा काढा" म्हणायला सुरुवात केली, मागणी अशी वाढली की मॅसमची ब्रुअरी पुरेना. म्हणून कार्लाइल घेतलं.

आता भाऊबंदकी.

यात व्हिलन शोधू नका, तसा कुणी नाहीये, आणि असला तरी घरातल्या भांडणात बाहेरच्याने कुणाची बाजू घ्यायची. रचना काय आहे ती समजून घ्या. समजा आजोबांकडे कंपनीचे १०० शेअर होते. तीन मुलं, प्रत्येकी तेहतीस-तेहतीस. त्यांची नऊ नातवंडं, प्रत्येकी अकराच्या आसपास. या नऊ जणांतला एखाद-दुसरा रोज पहाटे ब्रुअरीत जातो, बाकीचे कुणी वकील, कुणी लंडनला, कुणी लग्न होऊन परगावी. जो कामावर जातो त्याला वाटतं नफा परत धंद्यात घालावा, नवीन बॉयलर घ्यावा. जो जात नाही तो विचारतो, माझ्या अकरा शेअरचं मला काय मिळतंय? वर्षाला थोडा डिव्हिडंड. आणि शेअर बाजारात नसलेल्या कंपनीचे शेअर विकायचे तरी कुणाला, घरातल्यालाच, तो देईल त्या भावाने. शिवाय घरातलं माणूस गेलं की वारसा कर भरायचा तो वेगळाच. अशा वेळी बाहेरून कुणी एकरकमी मोठा चेक घेऊन आलं की घरात दोन तट पडतात. सातबाऱ्यावर पंधरा नावं असलेली जमीन बिल्डरला कशी जाते ते ज्याने बघितलंय त्याला यातली अवाक्षराचीही नवलाई नाही.

थीकस्टनमध्ये हेच झालं. पॉल थीकस्टन वडिलांच्या मागे ऐन तरुणपणी कंपनीचा कारभार बघायला लागला होता. सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून घरात चुलतांमध्ये फाटत गेलं आणि शेअर हळूहळू घराबाहेर गेले. १९८४ मध्ये कंपनी मॅथ्यू ब्राउनने घेतली. मॅथ्यू ब्राउन कुठली, तर ब्लॅकबर्नची, म्हणजे लँकेशायरची! यॉर्कशायर आणि लँकेशायर यांचं वैर पंधराव्या शतकापासूनचं, गुलाबांच्या लढाया म्हणतात त्या, आणि क्रिकेटमध्ये ते अजून शिल्लक आहे. यॉर्कशायरची ब्रुअरी लँकेशायरवाल्याने घेतली यावर मॅसमच्या पबमध्ये काय बोलणं झालं असेल याची कल्पनाच केलेली बरी. तीन वर्षांनी, १९८७ मध्ये, खुद्द मॅथ्यू ब्राउनला स्कॉटिश अँड न्यूकॅसलने गिळलं, ती सहा मोठ्यांपैकी एक. मोठा मासा, छोटा मासा, त्याच्या पोटात अजून छोटा मासा. कार्लाइलची ती ऐतिहासिक ब्रुअरी त्याच वर्षी बंद झाली, आणि ब्लॅकबर्नची १९९१ मध्ये.

मॅसमची मात्र राहिली. थीकस्टनचं नाव खपत होतं, गाव दिसायला सुंदर होतं, जाहिरातीला चांगलं. फक्त नाव मॅसमचं आणि बरीचशी बिअर कंपनीच्या दुसऱ्या मोठ्या कारखान्यात, असं सुरू झालं.

पॉल १९८८ मध्ये बाहेर पडला. चाळिशी उलटलेला माणूस, आयुष्यभर एकच काम केलेलं, आणि घराण्याच्या नावाची बिअर दुसऱ्याची. त्याने केलं काय, गाव सोडलं नाही. लाइटफूटची ती जुनी माल्टची इमारत आठवतेय ना, १९१९ वाली, तिथे त्याने स्वतःची ब्रुअरी मांडायला घेतली, जुन्या घरापासून हाकेच्या अंतरावर. पैसे छोट्या छोट्या शेअरहोल्डरांकडून गोळा केले. नवीन यंत्रं परवडणारी नव्हती आणि त्याला नकोही होती. त्याच सुमाराला अल्व्हरस्टनची हार्टलीज ब्रुअरी बंद पडली होती, तिथून भांडी आणली. नॉटिंगहॅमजवळच्या हार्डीज अँड हॅन्सन्सकडून पाटीच्या दगडाचे जुने यॉर्कशायर स्क्वेअर आणले. भंगारात जाणारं सामान घेऊन याने सगळ्यात जुन्या पद्धतीची बिअर सुरू केली, १९९२ मध्ये.

नाव सुचवलं त्याच्या बायकोने, सू हिने. ब्लॅक शीप, म्हणजे घराण्यातला नाठाळ कार्टा, आणि गाव मेंढ्यांचं. मला विचाराल तर अख्ख्या इंग्लंडमध्ये याच्याइतकं चपखल नाव दुसऱ्या ब्रुअरीला नाही. पुढे त्यांनी एक जड काळी बिअर काढली तिचं नाव रिगवेल्टर. मेंढी पाठीवर उलटी पडली की लोकरीच्या वजनामुळे तिला उठता येत नाही, पाय वर करून पडून राहते, कुणीतरी येऊन सरळ करेपर्यंत. त्या अवस्थेला यॉर्कशायरच्या बोलीत रिगवेल्टेड म्हणतात, मूळ शब्द वायकिंगांच्या भाषेतला. ही बिअर सहा टक्क्यांच्या जवळपासची, तेव्हा नाव का दिलं ते चौथ्या ग्लासाला कळतं.

पण थांबा, याच्याकडे पब कुठे होते? एकही नाही. आणि मघाशी मीच सांगितलं की इंग्लंडमध्ये पब नसेल तर बिअर विकणार कुठे. इथे पुन्हा सरकार येतं. १९८९ मध्ये बिअर ऑर्डर्स नावाचे नियम आले. ज्या ब्रुअरीकडे २,००० पेक्षा जास्त पब आहेत तिने वरच्या पबांपैकी निम्मे मोकळे करायचे, आणि तिच्या बांधील पबलाही बाहेरची एक पिंपातली बिअर ठेवायची मुभा द्यायची, तिला गेस्ट बिअर म्हणतात, पाहुणी. सहा मोठ्यांची मक्तेदारी मोडायची हा हेतू. मक्तेदारी धड मोडली नाही, कारण त्यांनी हजारो पब विकले ते नव्या पब कंपन्यांनी उचलले आणि भाडेकरूची मान एका दोरीतून निघून दुसऱ्या दोरीत गेली. पण मधल्या फटीतून ब्लॅक शीपसारखे शिरले. पाहुणी म्हणून गेली आणि घरचीच झाली.

ही फट पुढे महागात पडली. स्वतःचे पब नाहीत म्हणजे सगळी भिस्त दुसऱ्यांच्या पबवर. कोविडमध्ये सगळे पब बंद झाले, पिंपातली बिअर घरी डिलिव्हर करता येत नाही, पब उघडले तेव्हा वीज, माल्ट, सगळंच महाग झालेलं. २०२३ मध्ये ब्लॅक शीप दिवाळखोरीच्या दारात पोचली आणि लंडनच्या एका गुंतवणूक कंपनीने, ब्रील कॅपिटलने, ती विकत घेतली. छोट्या शेअरहोल्डरांचं त्यात काय होतं ते वेगळं सांगत नाही. मेंढी पाठीवर पडली आणि तिला सरळ करायला घरातलं कुणी उरलं नव्हतं.

मधल्या आकाराच्या ब्रुअरीचं दुखणं सगळीकडे असंच आहे. २००२ मध्ये सरकारने अगदी छोट्या ब्रुअरीला बिअरवरच्या करात मोठी सूट दिली, त्यामुळे शेडमध्ये बिअर बनवणारे शेकडो उभे राहिले आणि ते स्वस्तात पिंप देऊ शकतात. वर मोठ्या कंपन्या, त्यांचं उत्पादनच एवढं की खर्च कमी. मध्ये हे, ना सूट ना आकार. मधल्या मुलाची गत.

आणि पलीकडच्या घरी? तिथे उलटंच झालं. २००३ मध्ये थीकस्टन कंपनी परत थीकस्टनांच्या हातात आली. सायमन, निक, टिम आणि एडवर्ड या चार सख्ख्या भावांनी मिळून ती स्कॉटिश अँड न्यूकॅसलकडून सोडवली, घराण्याच्या दुसऱ्या पातीतले हे, पॉलच्या चुलत बाजूचे. म्हणजे गेलेली जमीन विसेक वर्षांनी परत घेतली. पुढे बाहेर बनणारी त्यांची बेस्ट बिटर नावाची बिअरही टप्प्याटप्प्याने गावात आणली. ज्यांनी घर सोडून नवीन मांडलं त्यांचं बाहेर गेलं आणि जे विकलं होतं ते घरात आलं, भविष्य सांगणाऱ्यालाही हे सांगता आलं नसतं.

गावात गेलात आणि ब्रुअरीची टूर करायची असेल तर मी थीकस्टनची सांगेन आणि तीही बिअरसाठी नाही, कूपरसाठी. कूपर म्हणजे लाकडी पिंपं करणारा. इंग्रजांत आडनावं धंद्यावरून पडली तशी आपल्याकडे सुतार, लोहार पडली, आणि मुंबईत पारशी कूपरही आहेतच. आज इंग्लंडमध्ये स्वतःचा कूपर ठेवणाऱ्या ब्रुअऱ्या हाताच्या बोटांवर मोजाव्यात, त्यातली ही एक. ओकच्या फळ्या, एकेकीला मधे फुगीर आणि टोकांना निमुळता आकार द्यायचा, कडा अशा तिरक्या तासायच्या की गोल जुळल्यावर फटीतून थेंब येऊ नये, मग वाफेने मऊ करून वाकवायच्या आणि वरून लोखंडी कड्या ठोकत आणायच्या. खिळा नाही, गोंद नाही. माप नजरेने. हे शिकायला चार वर्षं उमेदवारी करावी लागते.

आणि चार वर्षांनंतर उमेदवार पास झाला की त्याचं काय करतात, तर त्यानेच बनवलेल्या मोठ्या पिंपात त्याला उभा करतात, वरून शिळी बिअर, काजळी आणि लाकडाचा भुसा ओततात, अंगाला चोळतात, पिंप आडवं पाडतात आणि त्याला आतल्या आत गडगडत अंगणभर फिरवतात. बाहेर येतो तेव्हा हळदीच्या नवऱ्यासारखा, फक्त पिवळ्याऐवजी काळा. मग त्याच काळ्या हातात त्याचा कागद देतात, की आता तू कूपर.